वासोट्याचे रान

सातारच्या पश्चिमेस, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली नावाचे गाव आहे. तेथून होडीने सुमारे दीड तास गेले, म्हणजे वासोटा किल्ल्याचा पायथा लागतो. किल्ला पाहण्यास पुष्कळ लोक येतात. परंतु गडाची वाट ज्या रानातून चढते, ते रानही गडाइतकेच पाहण्याजोगे आहे, हे धापा टाकीत चालणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते.

हे रान कोणी लावलेले नाही. मनुष्याने लावलेल्या राईत सारी झाडे बहुधा एका वयाची असतात. येथे मात्र आजोबा, बाप आणि नातू एकाच ठिकाणी नांदतात. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांच्या माथ्यांचे जणू छतच झालेले असते. बाहेर माध्यान्हीचे ऊन तळपत असले, तरी आत तिन्हीसांज झाल्याचा भास होतो. गारंबीचे जाडजूड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले दिसतात, आणि शेकरू जमिनीस पाय न लावता फांद्याफांद्यांवरून दूरवर निघून जाते.

अशा दाट छायेत बी रुजते, पण उन्हावाचून रोपांची वाढ खुंटते. कित्येक रोपे वर्षानुवर्षे लहानच राहतात. मग एखाद्या पावसाळ्यात जुना वृक्ष उन्मळून पडतो. छताला खिंडार पडते, ऊन जमिनीवर उतरते, आणि खोळंबलेली रोपे चढाओढीने उंच होऊ लागतात. पडलेले खोडही वाया जात नाही. वाळवी, भुंगेरे आणि बुरशी त्याचा हळूहळू भुगा करतात व त्याची माती होते. रानात लाकूड फुकट कुजते आहे, अशी हळहळ करणाऱ्यास रानाचा हिशेब कळलेला नसतो. तो ओंडका उचलून नेणे म्हणजे पुढच्या झाडांचा घास काढून घेणे होय.

झाडांखाली गळलेल्या पानांचा जाड थर असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि सावकाश ओढ्यांत उतरते. उघड्याबोडक्या डोंगरावरून तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. वासोट्याचे ओढे कोयनेस मिळतात व कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. दक्षिणेकडे चांदोलीच्या रानातून येणारी वारणा सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेत शिरते. सांगलीकडील मळ्यांचा या दूरच्या झाडांशी असा संबंध आहे.

कोयना व चांदोली ही दोन्ही राने १९८५ साली अभयारण्ये झाली. चांदोलीस २००४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० साली दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्यास जाण्यासाठी आज वनखात्याची परवानगी लागते. रानात मुक्काम करता येत नाही, सायंकाळच्या आत परतावे लागते.

रान राखले गेले, पण त्याची किंमत कोणीतरी मोजली आहे. चांदोलीतील गावांना आपली घरे व शेते सोडून दूर जावे लागले. त्या जुन्या शेतांत आता गवत वाढले असून तेथे गव्यांचे कळप चरतात.