न्यायालयाने लावलेला वर्ग

आपल्या शाळेतून शिकून गेलेली कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीला आहेत आणि त्यांचे आई-वडील इथे इंदूरलाच आहेत. या पालकांपैकी कोणीतरी अधूनमधून भेटतात आणि आवाज खाली करून विचारतात, "सर, कोर्टाने मुलाला क्लास लावला आहे म्हणे. म्हणजे नेमके काय हो?" उत्तर एकेकाला सांगण्यापेक्षा इथे लिहिलेले बरे.

सर्वप्रथम, असा प्रत्येक वर्ग शिक्षा नसतो. फ्लोरिडा राज्याचे उदाहरण घ्या. घरात अज्ञान मुले असताना नवरा-बायकोने घटस्फोटाचा दावा केला, तर दोघांनाही किमान ४ तासांचा पालक-शिक्षण वर्ग करावाच लागतो. मग भांडण असो वा सगळे संमतीने चाललेले असो. दावा दाखल करणाऱ्याने त्या दिवसापासून ४५ दिवसांत आणि दुसऱ्या पक्षाने समन्स मिळाल्यापासून ४५ दिवसांत तो पूर्ण करायचा. दोघांनी एकत्र बसण्याची सक्ती नाही. मुलांच्या ताब्याचे कायदे, खर्चाची जबाबदारी, घरातील हिंसा आणि विभक्त होण्याचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम हे त्यातले विषय.

शेवटच्या विषयाबद्दल शाळेत बसून आम्ही बरेच काही सांगू शकू. "फी पप्पांकडून घे", "मम्मीला सांग, रविवारी येणार नाही" असे निरोप घेऊन मूल दोन घरांत फिरते, आणि इकडे गणिताच्या वहीत त्याची पाने कोरी दिसू लागतात. मुलाला निरोप्या करू नका, त्याच्यासमोर दुसऱ्याची निंदा करू नका, हेच त्या वर्गांतही समजावतात. माझ्या मते ४ तास फार नाहीत. घटस्फोट न घेणाऱ्यांनीही बसायला हरकत नसावी.

वर्ग पूर्ण होणे म्हणजे केवळ हजेरी नव्हे. वर्ग मान्यताप्राप्त संस्थेचाच हवा. फ्लोरिडात ही मान्यता राज्याचे बाल व कुटुंब खाते देते. इंटरनेटवर असले वर्ग ढिगाने विकत मिळतात. आधी पैसे भरून मग न्यायालय मानेल का ते विचारणे, हा उलटा क्रम झाला. संपल्यावर मिळालेले प्रमाणपत्र न्यायालयात दाखल करायचे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. ते दाखल झाले नाही, तर तुम्ही वर्गाला बसला होता हे न्यायाधीशांना कळणार कसे?

फौजदारी प्रकरणातले वर्ग फार कडक असतात. कॅलिफोर्नियात घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात प्रोबेशन मिळाले, तर आठवड्याला २ तास असा ५२ आठवड्यांचा वर्ग करावा लागतो. तो १८ महिन्यांच्या आत संपवायचा आणि सबळ कारणानेसुद्धा ३ पेक्षा जास्त खाडे चालत नाहीत. घरबसल्या केलेला राग आवरण्याचा छोटा कोर्स त्याच्या जागी धरला जात नाही. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्यास तिथे साधारण ३ महिन्यांचा, ३० तासांचा वर्ग असतो. रक्तातील दारूचे प्रमाण ०.२० टक्के किंवा अधिक निघाले, तर ९ महिने आणि ६० तास.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. पुष्कळ मुलांना वाटते की गुन्हा कबूल करू, वर्ग करू, प्रकरण रद्द होईल आणि सुटलो. जो तिथला नागरिक आहे त्याचे बहुधा भागते. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्याचे भागेलच असे नाही. अमेरिकेच्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने त्यावर काही शिक्षा किंवा बंधन घातले, की तो दोषी धरला जातो. पुढे वर्ग पूर्ण झाला म्हणून राज्याच्या न्यायालयाने प्रकरण काढून टाकले, तरीही. घरगुती हिंसेत दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येते. २०१० साली पॅडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कबुलीने देश सोडावा लागू शकतो हे फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला सांगितलेच पाहिजे. म्हणून मुलाचा फोन आला तर "क्लास करून टाक, विषय मिटव" असे सांगू नका. "सही करण्याआधी व्हिसाचे काम जाणणाऱ्या वकिलाला विचारलेस का?" एवढेच विचारा.

आपल्याकडे घटस्फोटासाठी असा सक्तीचा वर्ग नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करते आणि त्यासाठी समुपदेशक असतात. त्या भेटीला पेशीइतकेच महत्त्व द्यावे, टाळू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आली आहे.

आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. कलम १८ नुसार मंडळ मुलाला सामूहिक समुपदेशनाला पाठवू शकते, त्याच्या पालकांनाही समुपदेशनाला बसवू शकते, आणि "शाळेत जा" असा आदेशसुद्धा देऊ शकते. असे मूल कोणत्याही शाळेच्या वर्गात बसलेले असू शकते. त्याचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र छापण्यास कलम ७४ ने मनाई आहे. तेव्हा शाळेच्या फाटकाशी "तो कोण हो?" म्हणून चौकशी करणाऱ्यांना आमच्याकडून उत्तर मिळणार नाही. ज्यांना स्वतःच्या मुलासाठी वकील हवा असेल, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया आणि मुले यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.