लाईट गेली तरी सर्व्हरवरची स्क्रिप्ट चालू कशी ठेवायची?

समजा, सोलापुरातल्या एका विद्यार्थ्याने रात्री पुण्यातल्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करून आठ तासांची स्क्रिप्ट लावली. मध्यरात्री घरची लाईट गेली, वाय-फाय बंद. सकाळी बघतो तर काम अर्धवट! सर्व्हर तर सुरूच होता, मग स्क्रिप्ट का थांबली?

कारण जुनं आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात टर्मिनल फोनच्या लाईनवरूनही जोडले जायचे. फोन कट झाला की सिस्टीम त्या टर्मिनलवरच्या प्रोग्रामला 'हँगअप' सिग्नल द्यायची. माणूस गेला, आता आवरा! लिनक्स आणि मॅकमध्ये हा सिग्नल आजही आहे, नंबर १.

अनेकांना वाटतं, कमांडच्या शेवटी & लावलं की झालं. त्याने स्क्रिप्ट बॅकग्राउंडला जाते खरी, पण कनेक्शन तुटलं की तीही सहसा बंद पडते.

म्हणून कमांडच्या आधी 'नोहप' लिहायचं (स्पेलिंग एन-ओ-एच-यू-पी, म्हणजे 'नो हँगअप') आणि शेवटी &. मग हँगअप आला तरी स्क्रिप्ट चालूच राहते, आणि स्क्रीनवर दिसणारा मजकूर 'नोहप.आउट' फाइलमध्ये साठतो.

स्क्रिप्ट आधीच सुरू केली असेल तर? कनेक्शन आहे तोवर कंट्रोल-झेड दाबा, मग 'बीजी' आणि 'डिसओन' या कमांड द्या. रोजचंच काम असेल तर 'टीमक्स' जास्त सोयीचं. पुन्हा लॉगिन केल्यावर तीच स्क्रीन समोर येते.

अर्थात, स्क्रिप्ट घरच्याच पीसीवर चालत असेल तर नोहप काही करू शकत नाही. तिथे इन्व्हर्टरच लागतो.