रुसलेलें आंतडें

मुंबईच्या उपनगरी गाडींत शौचालय नसतें. बहुतेक उतारूंच्या हें ध्यानांतहि येत नाहीं. परंतु ज्याचें आंतडें वरचेवर रुसतें त्याला ही गोष्ट क्षणभरहि विसरतां येत नाहीं. कल्याणहून निघणारा असा गृहस्थ घरीं तीनदां शौचास जाऊन येतो, तरी डोंबिवली मागें पडते न पडते तोंच पोटांत कळ उठते. दवाखान्यांत रक्त, मल तपासावे, दुर्बिणीनें आंतडें पाहावें, तर सारें निर्दोष! मग घरचीं माणसें म्हणूं लागतात, "हे सारे मनाचे खेळ."

हा आरोप अन्यायाचा आहे. या विकारास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपानें आयबीएस, असें म्हणतात. यांत आंतड्याची घडण शाबूत असते. बिघडतें तें त्याचें चलनवलन. आंतडें आणि मेंदू यांच्यामध्यें मज्जातंतूंचें दळणवळण अखंड चालूं असतें, आणि येथें तें फाजील तीव्र झालेलें असतें. इतरांना जाणवणारहि नाहीं एवढ्या वायूनें या माणसास कळ येते. वेदना खरी असते. चिंतेनें ती वाढते हेंहि तितकेंच खरें.

विकार उसळला कीं पुष्कळजण लंघन करतात. पण दिवसभर उपाशी राहून रात्रीं एकदम पोटभर जेवलें म्हणजे भरलेल्या जठराचा इशारा मोठ्या आंतड्यास पोंचतो व तें जोरानें आकुंचन पावतें. त्यापेक्षां ठरल्या वेळीं थोडें थोडें खावें. मऊ भात आणि मुगाचें पातळ वरण बहुधा सोसतें. चहा-कॉफी तीन पेल्यांपलीकडे जाऊं देऊं नये. कळ येत असतां गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवून पडून राहावें.

खरा घोटाळा होतो तो पथ्याचा. कांदा, लसूण व गहूं यांतील फ्रुक्टन लहान आंतड्यांत पचत नाहीं. मोठ्या आंतड्यांतील जंतू तें आंबवितात आणि वायु धरतो. राजमा-चवळीची गोष्ट अशीच. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठांत अशा पदार्थांचा अभ्यास होऊन 'फॉडमॅप' पथ्य सिद्ध झालें. त्यांत कांहीं आठवडेच हे पदार्थ वर्ज्य करून पुढें एकेक परत घेऊन पाहावयाचा असतो. लोक वर्ज्य करतात आणि परत घेणें विसरतात! पान आखडत जातें, अंग सुकतें, आणि आंतडें मात्र रुसलेलेंच राहतें. फोडणीवांचून ज्यांचें चालत नाहीं त्यांच्यासाठीं एक सोय आहे. फ्रुक्टन पाण्यांत विरघळतें, तेलांत नाहीं. म्हणून तेलांत लसणीच्या पाकळ्या परतून काढून टाकल्या तर स्वाद उरतो, बाधा टळते. आमटींत शिजलेली लसूण मागाहून वेचण्यांत मात्र अर्थ नाहीं. तोंवर तें रसांत उतरलेलें असतें.

कोंड्यानें पोट साफ होतें हा समजहि या विकारांत पुष्कळदां फसवितो. नेदरलंडमध्यें झालेली एक तुलना २००९ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाली. तींत इसबगोलानें आराम पडला, गव्हाच्या कोंड्यानें पडला नाहीं. इसबगोल थोड्यापासून सुरू करावा व पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावा.

मलावाटे रक्त पडणें, वजन घटणें, ताप, पांडुरोग, झोपेंतून उठविणारी कळ, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकीं कांहींहि दिसल्यास घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावें. आपल्या देशांत आंतड्याचा क्षयहि असाच वेष घेऊन येतो. गहूं कायमचा सोडण्याचा विचार असेल, तर आधीं सीलियाक विकाराची रक्ततपासणी करून घ्यावी. सोडल्यानंतर ती तपासणी चुकीचें उत्तर देऊं शकते.

कल्याणच्या त्या गृहस्थास एक उपाय हाताशीं आहे. न्याहारीनंतर मोठें आंतडें स्वभावतःच हालूं लागतें. तेव्हां त्यानें अर्धा तास आधीं उठून घरींच कांहीं गरम खावें, स्वस्थ बसावें, शौचास जाऊन यावें, आणि मगच स्टेशनची वाट धरावी.