उभ्या वृक्षाची उंची कशी मोजावी?

सुरत शहरातील गोडादरा भागात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या शहराच्या आग्नेयेस, नवसारी जिल्ह्यात, डांगच्या सीमेला लागून वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वी हे वांसदा संस्थानचे वन होते. १९५२ पासून येथे वृक्षतोड झालेली नाही आणि १९७९ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे २४ चौरस किलोमीटरच्या या वनातील उंच वृक्ष पाहून ‘हा किती उंच असेल?’ असा प्रश्न सहजच मनात येतो. वृक्षावर न चढता त्याचे उत्तर मिळविता येते.

मोकळ्या जागी सावलीचा उपयोग होतो. एक मीटर उभ्या काठीची सावली ८० सेंटिमीटर व त्याच वेळी झाडाची सावली २४ मीटर भरली, तर झाडाची उंची ३० मीटर होय. दाट वनात मात्र सावल्या एकमेकींत मिसळतात. तेथे डोळ्यापासून मुठीपर्यंतचे अंतर जितके, तितकीच काठी मुठीच्या वर उभी धरावी. काठीच्या दोन टोकांशी झाडाचा बुंधा व शेंडा जुळेपर्यंत मागे सरकावे. जमीन सपाट असल्यास आपले झाडापासूनचे अंतर हीच त्याची उंची.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ३० मीटरवरून पाहताना शेंडा आपल्याकडे ३ मीटर झुकलेला असेल, तर २७ मीटरचे झाड ३० मीटरचे भासते. म्हणून दोन-तीन दिशांनी मोजमाप घ्यावे, आणि अंतर बुंध्यापासून न धरता शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धरावे. कॅलिफोर्नियातील ‘हायपेरिअन’ या जगातील सर्वांत उंच ज्ञात वृक्षाची ११५ मीटरहून अधिक उंची २००६ मध्ये शेंड्यावरून फीत सोडूनच निश्चित करण्यात आली.

हे केवळ कुतूहल नव्हे. उंची व जमिनीपासून १.३७ मीटरवरील घेर यांवरून उभ्या झाडातील लाकडाचा अंदाज बांधतात. मालकीचे सागाचे झाड विकणाऱ्या शेतकऱ्यास हे गणित अवगत असल्यास त्याची फसवणूक टळते. तसेच ज्या जुन्या वृक्षाची नोंद आहे, तो नाहीसा झाल्यास लगेच ध्यानात येते.

शिक्षकांनी शाळेच्या आवारातील वृक्षांपासून हा उपक्रम आरंभावा. राष्ट्रीय उद्यानात जाण्यापूर्वी मात्र वन विभागाची परवानगी अवश्य घ्यावी.