फायबर तुटली तरी क्लायंटचं काम थांबू नये : स्विचवर ओएसपीएफ कसं लावायचं

समजा, तुम्ही नेटवर्किंगचा व्यवसाय सुरू केलाय आणि ऑफिस, फॅक्टरी, गोडाऊन अशा तीन जागा जोडायचं काम मिळालंय. प्रत्येक जागेतून बाकी दोन्हीकडे फायबर गेली आहे. एक तुटली तर दुसरीकडून वळसा घालून जाता येतं. पण हे स्विचला कोण सांगणार?

बरेच जण स्टॅटिक रूट टाकून मोकळे होतात. स्विचचा स्वतःचा पोर्ट बंद पडला तर बॅकअपचा स्टॅटिक रूट चालतोही. गोची होते ती मध्ये साधा मीडिया कन्व्हर्टर असेल तेव्हा. जेसीबीने पुढे फायबर तोडली, पण स्विच ते कन्व्हर्टर केबल शाबूत, म्हणून पोर्टचा दिवा हिरवाच! स्विच डेटा पाठवत राहतो, पोचत काहीच नाही. एएमसी तुमची, त्यामुळे फोनही तुम्हालाच.

ओएसपीएफ लावलेले स्विच अशा लिंकवर दर १० सेकंदांनी एकमेकांना ‘हॅलो’ पाठवतात. ४० सेकंद हॅलो आला नाही, की तो शेजारी गेला असं धरून दुसरा रस्ता घेतात. हे खुलं स्टँडर्ड आहे (१९९८ चं आरएफसी २३२८), त्यामुळे गोडाऊनमधला स्विच दुसऱ्या कंपनीचा असला तरी जमतं.

कोटेशन देण्याआधी मात्र डेटाशीट वाचाच. ‘लेयर ३ लाइट’ म्हणून विकले जाणारे बरेच स्विच फक्त स्टॅटिक रूट करतात, काहींना ओएसपीएफसाठी वेगळं लायसन्स लागतं. हा खर्च नंतर कळला तर तो तुमच्याच मार्जिनमधून जातो.

आता कमांड, सिस्कोच्या पद्धतीने. आधी ‘आयपी राउटिंग’. फायबरच्या पोर्टवर ‘नो स्विचपोर्ट’ आणि आयपी. दोनच पत्ते लागतात, /३० पुरतं. ‘राउटर ओएसपीएफ १’ मध्ये प्रत्येक स्विचला वेगळा राउटर-आयडी द्या. मग ‘नेटवर्क १०.१०.१.० ०.०.०.३ एरिया ०’. इथे मास्क उलटा लिहायचा असतो, नवखे हमखास इथेच अडकतात. आतल्या लॅनचं नेटवर्कही असंच जोडा. तीन स्विचना एकच एरिया ० बास, उगाच जास्त एरिया करू नका.

यानंतर ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ द्या आणि फक्त फायबरच्या पोर्टना ‘नो पॅसिव्ह-इंटरफेस’. नाहीतर ऑफिसच्या भिंतीवरच्या पॉइंटला कोणीही डिव्हाइस लावून चुकीचे रूट घुसवू शकतो.

‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ मध्ये ‘फुल’ दिसलं पाहिजे. ‘एक्सस्टार्ट’वर अडकलं, तर दोन्हीकडचा एमटीयू जुळतोय का बघा. शेजारी दिसतच नसेल तर एरिया, सबनेट किंवा हॅलोची वेळ तपासा.

मग क्लायंटसमोर पिंग चालू ठेवून कन्व्हर्टरपुढची फायबर काढा. काही पिंग जातील, हे आधीच सांगून ठेवा. ४० सेकंद जास्त वाटले तर वेळा कमी करता येतात, फक्त दोन्ही टोकांना सारख्या ठेवा.

आणि निघण्याआधी कॉन्फिगरेशन सेव्ह करा हो. रात्री लाइट गेली की स्विच सगळं विसरतो, आणि सकाळी सहाला पुन्हा फॅक्टरीच्या गेटवर तुम्हीच उभे.