खोकल्याची बाटली मनानं घेताय? आधी हे वाचा

थंडी पडली की घरोघरी खोकला सुरू होतो. मग कुणीतरी मेडिकलवर जातं आणि 'खोकल्याची बाटली द्या' म्हणतं. खोकला कसला आहे, हे कुणी विचारत नाही. घोळ इथंच होतो.

कोरड्या खोकल्यात कफ नसतो, नुसती ढास लागते, झोप होत नाही. अशा वेळी डॉक्टर खोकला दाबणारं औषध देतात. त्यातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन मेंदूतल्या खोकल्याच्या केंद्रावर काम करतात. ढास थांबते, पण मूळ आजार बरा होत नाही. ओल्या खोकल्यात तर कफ बाहेर पडायलाच हवा. खोकला दाबला की तो छातीत साचतो.

नशेचा धोका

कोडीन हे अफूच्या जातीचं औषध. पोटात गेल्यावर त्यातल्या काही भागाचं मॉर्फीन बनतं. जास्त दिवस घेतलं तर सवय लागते. मात्रा वाढली किंवा सोबत दारू, झोपेची गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणूनच ते 'एच-१' यादीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि दुकानदाराला त्याची नोंद ठेवावी लागते. तरीही काही तरुण नशेसाठी बाटल्या रिचवतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फनही जास्त झालं तर भ्रम होतो, छाती धडधडते. डिप्रेशनच्या काही गोळ्यांसोबत ते घातक ठरतं.

घरात रिकाम्या बाटल्या सापडल्या, पोरगा सारखा पेंगत असला तर मारझोड करू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

लहान मुलांना जपा

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी भेसळ असलेल्या सिरपनं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं: २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, ५ वर्षांखालीही शक्यतो टाळा.

लक्षात ठेवा

- मोठ्यांची बाटली मुलांना देऊ नका.
- मात्रा घरच्या चमच्यानं नाही, मापाच्या टोपणानं घ्या.
- मध १ वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.
- माणूस गुंगीत गेला, श्वास मंदावला तर लगेच १०८ ला फोन करा.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर आणखी एक बाटली आणू नका. तो टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि टीबीचे उपचार मोफत आहेत. बाटलीनं खोकला दबेल, पण आत टीबी वाढत राहील.