वेगवान भिंगे आणि नाभीचे सरकणे

छायाचित्रणाच्या परिभाषेत ज्या भिंगाला 'वेगवान' म्हणतात, त्यात वेग असा काही नसतो. ते प्रकाश अधिक घेते, म्हणून शटर थोडाच वेळ उघडे राहिले तरी भागते. वेग आहे तो शटरचा. विशेषण एकाचे आणि चिकटले दुसऱ्याला, असा हा लक्षणेचा प्रकार आहे. 'फोकस' हा शब्दही लॅटिन. त्याचा मूळ अर्थ चूल. केप्लरने १६०४ मध्ये तो प्रकाशशास्त्रात आणला. आपण 'नाभी' म्हणतो. चूल काय नि नाभी काय, दोन्ही शब्दांत स्थिरतेची कल्पना आहे. आणि येथे पाहावयाचे ते हे की, ही नाभी स्थिर राहत नाही.

गोलाकार पृष्ठभागाच्या बहिर्वक्र भिंगात कडेजवळून जाणारे किरण मध्याजवळच्या किरणांपेक्षा अलीकडे, म्हणजे भिंगाच्या अधिक जवळ एकत्र येतात. यास गोलीय विपथन म्हणतात. अनेक भिंगे जोडून ते कमी करता येते, परंतु एफ/१.५ सारख्या मोठ्या छिद्राच्या रचनेत त्याचा अंश बहुधा उरतोच. छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि उत्तम प्रतिमेची जागा मागे सरकते. फिल्म मात्र जागची हलत नाही. त्यामुळे समोरच्या दृश्यातील स्पष्टतेचे प्रतल कॅमेऱ्यापासून दूर जाते. नेम डोळ्यावर धरावा आणि स्पष्ट यावा कान, अशी गत होते.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात हे घडताना दिसत नाही, हे खरे दुखणे. तेथे आपण भिंगातून पाहतच नाही. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींवर बसवून केवळ अंतर मोजले जाते, आणि भिंगाच्या मागील कड्याला टेकलेली तरफ त्याची सांगड भिंगाच्या हालचालीशी घालते. छिद्र किती उघडे आहे, याची त्या तरफेस वार्ताही नसते. म्हणून कारखान्यातच कोणत्या तरी एका छिद्रासाठी जुळणी करावी लागते.

झाइसचे सी सोनार ५० मिमी एफ/१.५ हे याचे बोलके उदाहरण. लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकात कॉन्टॅक्ससाठी रचलेल्या सोनारचा वारसा ते सांगते. सुरुवातीस ते एफ/२.८ साठी जुळवलेले असे, पुढे एफ/१.५ साठी जुळवलेले मिळू लागले. पहिल्या जुळणीत छिद्र पूर्ण उघडताच स्पष्टता नेमाच्या अलीकडे येते, दुसरीत ते लहान करताच पलीकडे जाते. याला बिघाड म्हणणे मला मान्य नाही. पुष्कळ जण ज्या मऊ पार्श्वभूमीसाठी हे भिंग घेतात, ती त्याच उरलेल्या विपथनाची देणगी आहे.

एक मीटरवर, विसरणवर्तुळ ०.०३ मिमी धरल्यास, ५० मिमी भिंगाच्या स्पष्टतेची खोली एफ/१.५ ला सुमारे ३.५ सेंमी, तर एफ/८ ला सुमारे १८ सेंमी भरते. त्या खोलीत सरकणे झाकून जाते. अडचण मधल्या छिद्रांची, साधारणतः एफ/२ ते एफ/४ यांची. पोथीचे पान वा ताम्रपट जवळून टिपणाऱ्याने तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीची छायाचित्रे एकेका छिद्रावर घेऊन आपल्या भिंगाचे सरकणे आधी मोजून ठेवावे. जुळणी एफ/१.५ ची असेल, तर एफ/२.८ वर नेम साधल्यानंतर कॅमेरा तेवढाच मागे घ्यावा.